जसप्रीतच्या सासऱ्यांना खटकलेला शेवट

मंडळी, सकाळपासून कामात लक्ष नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

इथे ऑस्ट्रेलियात, टूवूंबातल्या आमच्या वाचन-ग्रुपमध्ये आज माझी मैत्रीण जसप्रीतने स्वतः लिहिलेली पंजाबी कथा हिंदीत सांगितली. जमीनदाराची मुलगी दलित मजुराच्या मुलाबरोबर पळून जाते आणि दोघं शहरात सुखाने राहतात.

पंजाबहून आलेले तिचे सासरे पहिल्यांदाच ऐकायला बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "बेटा, कहानी अच्छी है. बस, अंत गलत है. हमारी बहन बची नहीं थी."

ही बहीण तापाने गेली, एवढंच जसप्रीतला सासरी सांगितलं होतं. कथा तिने मनाने रचली होती.

दुपारी तिचा फोन आला. "बाबूजी किरणला तिच्या बॉयफ्रेंडचं आडनाव विचारत होते. आता म्हणतात, सुट्टीत तिला गावी नेतो. माझा नवरा गप्प आहे."

किरण तिची सतरा वर्षांची मुलगी.

"तिचा पासपोर्ट माझ्याकडे आणून दे," मी म्हटलं. तासाभरापूर्वी ती देऊन गेली.

किरणला अजून यातलं काहीच माहीत नाही. आजोबांबरोबर जायचं म्हणून ती खुशीत बॅग भरतेय. तिला हे कसं सांगायचं? तुम्ही काय सांगितलं असतं?