सासूबाई हळू बोलायला शिकल्या

लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा शिकवायला जाते त्या शाळेतून घरी येताना माझी सायकल गिट्टीवरून घसरली आणि डोकं रस्त्याच्या कडेच्या दगडावर आपटलं. काही दिवस दवाखान्यात ठेवलं, एक्स-रे चांगला निघाला, टाके सुकले. पण डोकं दुखायचं थांबेना. उजेड सहन होईना. भांडं पडलं तरी कवटीत घण बसायचा.

डॉक्टर म्हणाले, "याला वेळ लागतो. दुखलं की गोळी, असं रोज करू नका. त्या गोळ्यांनीच पुढे डोकं धरतं. वेळेवर झोपा, वेळेवर जेवा, पाणी प्या. दिवसभर पडून राहू नका, थोडं थोडं चाला. शाळा सुरू कराल तीही आधी अर्धा दिवसच."

हे माझ्यापेक्षा सासूबाईंनी मनावर घेतलं. त्यांचं आयुष्य वावरात गेलेलं, या बांधावरून त्या बांधावर हाक मारायची सवय. नंदनवन वस्तीतल्या आमच्या दोन खोल्यांत त्यांचा आवाज मावत नसे. आता त्या दबक्या आवाजात बोलू लागल्या, म्हणजे त्यांच्या मते. "काहून वं, दुखून राहिलं का?" असं त्या माझ्या कानाशी कुजबुजत आणि भिंतीपलीकडून शेजारीण विचारी, "जास्त दुखते का वं तिचं?" मला हसू येई, हसलं की डोकं ठणके, आणि त्या घाबरून आणखी मोठ्यानं म्हणत, "हासू नको ना!"

दुपारी खिडकीला जुनं लुगडं बांधून त्या खोलीत अंधार करत. कपाळावर ओली पट्टी, मानेला तव्यावर शेकलेलं फडकं. जेवायला उशीर झालेला चालत नसे. "उपाशी पोटी डोकं जास्त भांडते," म्हणत. पहाटे फिरायला नेत. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग हळूहळू वस्तीबाहेरच्या शेतांपर्यंत.

शेजारच्या मुलीच्या लग्नात आमच्या दारासमोरच भोंगा लागला. सासूबाईंना लग्नाचं भारी वेड. सकाळपासून नवं लुगडं नेसून बसलेल्या. पहिलं गाणं वाजलं आणि मी डोकं धरून खाली बसले.

"चाल, वावराकडं," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्ही थांबा. मी जाते."

"लगन काय, पुन्हा कोणाचंतरी होईनच. चाल."

बांधावरच्या बाभळीच्या सावलीत बसलो. तिथं त्या खरोखरच हळू बोलल्या. "मी नवी नवरी होती, तवा माळ्यावरून पडली होती. डोकं लय दुखे. पण कोणाले सांगतलं नाही. म्हणतीन, बहाणे करून राहिली."

"मग?"

"मग काय? मी कामाले वावरात जाय, अन् तिथंच रडून घे."

मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्यांनी खांदा हलू दिला नाही.

उन्हाळ्यापर्यंत दुखणं पुष्कळ कमी झालं, शाळाही पूर्ण दिवस सुरू झाली. पेपर तपासताना कधी डोकं ठणकलं, तर लाल पेन ठेवून थोडा वेळ डोळे मिटून बसायची. पहाटेचं फिरणं मात्र आम्ही सोडलं नाही. वाटेत कोणी अनोळखी बाई विचारी, "मायलेकी का वं?" सासूबाई "हो" म्हणत आणि पुढे चालू लागत.