एकाच इंद्रियाचा जीव

आमच्या घरात पाणी आजही दुहेरी फडक्यातून गाळलं जातं. नळाला विहिरीचंच पाणी येतं, फिल्टरही आहे, पण आईचा त्याच्यावर विश्वास नाही. गाळून झालं की ती फडकं उलटं धरून, त्यात अडकलेलं सगळं परसातल्या विहिरीत परत सोडते. डोळ्यांना न दिसणारे जीव जिथले तिथे जावेत म्हणून. मी निपाणीत कॉलेजला जीवशास्त्र शिकवते, तरी हे काम तिनं माझ्यावर कधी सोपवलं नाही. मी धांदरट आहे असं तिचं म्हणणं, आणि त्यात तिचं फारसं चुकत नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र मीच तिच्यावर भडकले होते. भर दुपारी अनवाणी बस्तीला, म्हणजे आमच्या जैन मंदिराला, जाऊन आली आणि तळपायाला हा मोठा फोड! तिला पत्ताच नाही. दिसला तो मला. शुगर जुनी. पायाची जाणीव जात चालली असेल, डॉक्टरांना दाखवू या, असं मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितलं. जखम चिघळून पाय गमवावा लागला तर, या भीतीनं माझं कशात लक्ष लागेना. तिचं आपलं एकच, "मला सगळं कळतंय."

त्याच सुमारास प्रॅक्टिकलच्या तयारीसाठी मी सूक्ष्मदर्शक घरी आणला होता. विहिरीच्या पाण्यात वाळलं गवत भिजत घातलं होतं. एका थेंबात पॅरामेशियम पोहताना दिसलं आणि मी आईला हाक मारली. जन्मभर ज्यांना वाचवत आली, त्यांना तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"अगं, चपलंसारखं हाय की!" ती ओरडलीच.

मी थेंबात कापसाचा तंतू टाकला. जीव त्याला धडकला, झटक्यात मागे सरला, जरा वळला आणि दुसऱ्या वाटेनं निघाला. मागून काही लागलं तर हाच पुढे पळतो, मी सांगितलं. मेंदू नाही, नसा नाहीत, सगळा मिळून एक पेशी. पुढून धक्का बसला की अंगावरच्या पातळ पडद्यातून कॅल्शियम आत शिरतं आणि भोवतीचे हजारो बारीक केस उलटे वल्हवू लागतात. इतकी वर्षं शिकवतेय, तरी दर वेळी मी थक्क होते.

"ह्येला एकच इंद्रिय, निस्ता स्पर्श," आई डोळा न काढता म्हणाली. "पर म्होरं लागलं का मागं, समदं कळतंय. लई शाना हाय गं."

मग ती खुर्चीत टेकून बसली, पाय पुढे केला आणि डोळे मिटले.

"आता मला लाव त्यो कापूस. कुठं लावलीस त्ये सांगते."

मी अंगठ्याला लावला. मग टाचेला. बोटांच्या बेचक्यांतून फिरवला. शाळेतल्या मुलीसारखी ती मन लावून वाट पाहत होती.

"लाव की गं. भ्यालीस व्हय?"

मी कापूस पुन्हा टाचेवर टेकवला. तिनं डोळे उघडले. कापूस तिच्या टाचेवरच होता. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली.

"डॉक्टर सकाळी कवा येत्यात गं?" तिनं विचारलं.