सरांची सही

युसूफभाईंनी बसवलेला सांधा कधीच गळला नव्हता. तो गळला असं मी लिहिलं, आणि ते खोटं होतं. आज ते हयात नाहीत; त्यांच्याविषयी लिहायचं तर सुरुवात इथूनच करायला हवी.

बीडच्या आमच्या कॉलेजात मी खडक फोडण्याचे प्रयोग करायचो. जमिनीच्या पोटात खडक तापलेला असतो. पाण्याच्या दाबानं त्याला भेगा पाडल्या, तर त्यांतून पाणी फिरवून उष्णता वर आणता येते. आम्ही तेच फूटभर दगडावर करून बघत होतो. दगडाला भोक, त्यात गोंदानं चिकटवलेली पोलादी नळी, आणि लाल रंगाचं पाणी, म्हणजे ते कुठून गेलं हे दिसावं. पंप आणि सांधे युसूफभाईंचे. ते कंत्राटी मेकॅनिक. दाब चढू लागला की मी दाबमापकाच्या काट्याकडे बघायचो. ते दगड धरून ठेवणाऱ्या लोखंडी चौकटीला पाना टेकवून त्याचं दुसरं टोक कानाला लावायचे. "तडकला, सर!" ते म्हणत, आणि मग काटा पडे. पोरं टाळ्या वाजवत. मला ते खुपायचं.

पुण्याहून पाहुणे येणार होते त्या सकाळी त्यांनी गोंदाला नख लावून पाहिलं. "सर, हे अजून कच्चं हाय. आज दाब देऊ नका."

पोरांसमोर! "तुम्ही पाने सांभाळा, शास्त्र मी बघतो," मी म्हणालो.

पाणी नळीच्या कडेनं उसळलं ते थेट पाहुण्यांच्या पांढऱ्या शर्टावर. युसूफभाई हसले. त्या हसण्याचा सूड म्हणून मी अहवालात 'सांधा सदोष' असं लिहिलं. त्यांचं काम गेलं.

मी भंगारात टाकलेला तो दगड त्यांनी उचलून नेला, मधोमध कापला आणि पालीच्या रस्त्यावरच्या आपल्या गॅरेजपुढे बसायला ठेवला. गोंदाच्या कडेनं चढलेली लाल रेघ त्यावर स्वच्छ दिसायची.

"बसा की," ते गिऱ्हाइकाला म्हणत, "पण त्या रेघेवर नका बसू. ती सरांची सही हाय." मग सगळी हकीकत, माझ्या नावासकट. माझेच विद्यार्थी ऐकून यायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. एकदा माझी मोटारसायकल नेमकी तिथंच बंद पडली. ते जागचे हलले नाहीत. "ढकला, सर. शास्त्र तुमच्याकडं हाय."

शेवटी मी प्राचार्यांना खरं काय ते लिहून दिलं आणि त्याची प्रत घेऊन गॅरेजवर गेलो. चार-पाच गिऱ्हाइकं होती. मी दगडावर टेकू लागलो.

"न्हाई, उभं राहून. मी बी उभाच होतो तवा. कागद ठिवा, तोंडानं सांगा."

मी पुटपुटलो. त्यांनी माझ्या छातीला पाना टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं, डोळे मिटले.

"अजून न्हाई तडकला. मोठ्यानं! पलीकडच्या पंक्चरवाल्याला कळू द्या."

पंक्चरवाल्यानं हवेचं मशीन बंद केलं.

"युसूफभाई, सांधा तुमचा पक्का होता," मी ओरडून म्हणालो. "गोंद कच्चा होता. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, आणि रागानं खोटं लिहिलं. मला माफ करा."