अक्षरावर अक्षर

दुकानात किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. गिऱ्हाईक तक्रार ठेवून जातं; तक्रार मिटते, किस्सा उरतो. आमचं सावेडीत बिलाच्या सॉफ्टवेअरचं दुकान. मी विकणारा, सॅमभाऊ प्रोग्रॅम लिहिणारे, सुनीताताई तपासणाऱ्या. आणि निम्मे किस्से एकाच दुखण्याचे: स्क्रीनवर अक्षर एवढं, कागदावर तेवढं!

*

अकोल्याचे खतवाले बिल फडकवतच आत आले. "शेठ, स्क्रीनवर म्हैस दिसती अन् कागदावर मुंगी! हे वाचायचं कुनी?"

सॅमभाऊ म्हणाले, "स्क्रीनचे ठिपके जाड, प्रिंटरचे बारीक. ठिपके तेवढेच ठेवले की अक्षर आक्रसतं."

"मंग जाड ठिपक्याचा प्रिंटर द्या की!"

*

सॅमभाऊंनी दुरुस्ती केली. लगेच कोल्हारच्या मेडिकलवाल्याचा फोन. "आता लई मोठं झालं राव! औषधाचं नाव एका पानावर, किंमत दुसऱ्या पानावर!"

मी म्हटलं, "बरंय की. पेशंटला धक्का बेताबेतानं बसतो!"

त्यानं फोन आपटला.

*

सॅमभाऊंची तपासायची रीत त्यांचीच. प्रिंट काढायची, कागद मॉनिटरच्या काचेला चिकटवायचा. मागून उजेड येतो. छापलेलं अक्षर स्क्रीनवरच्या अक्षरावर बसलं की पास. एका इंजिनिअर गिऱ्हाइकानं टोमणा मारला, "काय हो, एक्सरे काढताय का?"

"व्हय," सॅमभाऊ म्हणाले, "हाड कुठं सरकलंय ते बघतोय!"

*

पुढं पुढं सॅमभाऊ स्क्रीनच्या फारच जवळ जायला लागले. ताई म्हणाल्या, "सर, काचेवर नाकाचे ठसे पडलेत. तेही बिलावर छापून येतील हां!"

आम्ही हसलो. सॅमभाऊ हसले नाहीत. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं, डोळ्यामागची नस सुकत चाललीय. गेलेली नजर परत येत नाही.

"शेठ, एवढं अक्षर माझ्या डोळ्यांनी जुळवू द्या. मग खुर्ची कुणालाही द्या."

*

परवा दुपारी दुरुस्ती पुरी झाली. प्रिंटर घरघरला. सॅमभाऊंनी चाचपडत स्वतःच कागद ओढला, काचेला चिकटवला, नाक टेकवलं. बराच वेळ तसेच.

"शेठ! बसलं! अक्षरावर अक्षर. केसाचा फरक नाही!"

कागद त्यांनी माझ्या हातात ठेवला.

कोरा करकरीत. टोनर संपलेला.

मी ताईंकडे पाहिलं. ताईंनी कागद घेतला, उलटून पाहिला, नीट घडी घातली.

"पास, सर," त्या म्हणाल्या.