दाराआडची दुपार

ह्यांचा फोन आला तेव्हा मी गुलमंडीवर कापडाच्या दुकानात उभी होते. संगीताताईंना सैल गाऊन शिवायचे होते. परकराची नाडी तर सोडाच, साधं इलॅस्टिकसुद्धा त्यांना सोसवत नव्हतं, म्हणून मऊ सुती कापड शोधत होते. दुकानदारानं कापड मोजून कात्री लावली आणि तेवढ्यात मोबाईल वाजला. "दवाखान्यात नको येऊ आता... सरळ घरी ये," एवढंच हे म्हणाले. मी दुकानदाराला थांबवायच्या आत त्यानं कापड फाडलं होतं. त्यानं घडी घालून दिलं, मी घेतलं आणि रिक्षात बसले. मुकुंदवाडीपर्यंत ते मांडीवर घट्ट धरून होते. घरासमोर चपलांचा ढीग दिसला तेव्हा कुठं ते कुणासाठी घेतलं होतं हे मला नीट कळलं.

संगीताताई माझी मोठी जाऊ. आमचे सासरे मेंढरं विकून गावाकडून शहरात आले आणि मुकुंदवाडीत त्यांनी छोटासा प्लॉट घेतला. खाली दोन खोल्या, वर दोन खोल्या, स्वयंपाकघर मात्र एकच. मी लग्न होऊन आले तेव्हा ताईंची जुळी मुलं रांगत होती आणि थोरली मुलगी शाळेत जायला लागली होती. पहिल्या दिवशी त्यांना पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांना पुन्हा दिवस गेलेत. त्यांनी माझी नजर ओळखली असावी. पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "काही नाही गं. जुळ्यांचं पोट आहे, उतरायचं राहिलंय."

ते उतरलंच नाही. मुलं पळायला लागली, बालवाडीत गेली, तरी ताईंचं पोट सातव्या महिन्यासारखंच. अंगानं त्या बारीक होत्या, हातपाय काटकुळे, त्यामुळं ते जास्तच दिसायचं. शहर बसमध्ये चढल्या की कुणीतरी उठून जागा द्यायचं. "बसा ताई, कितवा?" असं विचारायचं. सुरुवातीला त्या समजावून सांगायच्या. मग कंटाळून "सातवा" म्हणायच्या आणि बसायच्या. घरी येऊन मला हे हसत सांगायच्या, पण हळूहळू त्यांनी बसनं जाणंच सोडलं. मग बाजार सोडला, मग शाळेतल्या पालकसभा. लग्नकार्य आलं की मोठे भाऊजी म्हणायचे, "तू राहा घरी, उगाच त्रास होईल तुला." भाऊजी वाईट माणूस नाहीत. ते काळजीनंच बोलायचे. पण त्या काळजीनं ताईंच्या पायातलं बळच गेलं. एकदा गच्चीवर वाळवण काढताना मला म्हणाल्या, "अर्चना, मला कुणी कोंडलेलं नाही बघ. दार उघडंच आहे. पण दाराबाहेर गेलं की हे पोट माझ्या पुढं चालतं... मग मीच मागं फिरते."

पोट दिसण्यापेक्षाही त्रास दुसराच होता. अंथरुणातून उठताना बेंबीच्या वर मधोमध उभा उंचवटा यायचा, कणकेचा लांबट उंडा ठेवावा तसा. कंबर सतत दुखायची. शिंक आली की पाय एकमेकांवर दाबून उभ्या राहायच्या. पोरं "आई, कडेवर घे" म्हणून साडी ओढायची आणि ह्या खाली बसून त्यांना जवळ घ्यायच्या. उभ्यानं उचलून घेतलेलं मी कधी पाहिलं नाही. आमच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, जुन्या वळणाच्या. बाळंतपणानंतर त्यांनी ताईंचं पोट जुन्या लुगड्यानं करकचून बांधलं होतं. ते पुरेसे दिवस बांधून घेतलं नाही, हाच त्यांच्या मते ताईंचा गुन्हा. "आमी बाळंतीण झालो आन् महिन्यात मेंढरामागं गेलो. आमचं नाय सुटलं पोट ते," असं त्या येईल-जाईल त्याला सांगायच्या.

ताईंनी मोबाईलवर बघून उताणं पडून करायचे पोटाचे व्यायाम सुरू केले. डोक्यामागं हात घेऊन झटक्यानं उठायचं, असे. त्यानं उंचवटा आणखी वाढला. शेवटी हर्निया असेल म्हणून आम्ही दोघी एका सर्जनकडे गेलो. त्यांनी तपासून सांगितलं, हर्निया नाही, गरोदरपणात पोटाचे स्नायू मधून फाकलेत ते परत जवळ आले नाहीत. ऑपरेशनची घाई नको, आधी फिजिओथेरपी करा. इतकी वर्षं ज्याला आम्ही नुसतं 'पोट' म्हणत होतो त्याला काहीतरी कारण आहे, हे ऐकूनच ताई जिन्यात थांबल्या. म्हणाल्या, "म्हणजे मी आळशी नाही तर..."

क्रांती चौकाजवळ एका इमारतीत पहिल्या मजल्यावर सबा मॅडमचं क्लिनिक होतं. माझ्यापेक्षाही लहान मुलगी, बोलणं अर्धं मराठी, अर्धं इथलं हिंदी. ताईंना उताणं झोपवून गुडघे वाकवायला सांगितले, डोकं किंचित उचलायला लावलं आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवली. चार बोटं सहज आत गेली. मग त्यांनी ताईंचाच हात तिथं ठेवला. ताईंनी चटका बसल्यासारखा तो मागं घेतला.

"आत काहीच लागत नाही हो," ताई म्हणाल्या.

"है भाभी, सब है. सिर्फ पकड़ गई," सबा मॅडम म्हणाल्या. "पण तुम्ही सांस कायको रोकते? उठताना रोकते, उचलताना रोकते. आधी श्वास सोडायला शिका."

पहिले कित्येक दिवस नुसता श्वासच. नाकानं घ्यायचा, फासळ्या बाजूला फुलू द्यायच्या, तोंडानं हळूहळू सोडताना ओटीपोट आत आणि वर घ्यायचं. अंथरुणातून सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हाताच्या आधारानं उठायचं. काही उचलायचं तर श्वास सोडत उचलायचं. ताई वैतागल्या होत्या. "श्वास तर मी जन्मल्यापासून घेतेय. यानं काय होणार?" पण करत राहिल्या. दुसरं काही उरलंच नव्हतं.

अडचण जागेची होती. आमच्या घरात दिवसा दार लावायची पद्धत नव्हती. सुनेनं तर नाहीच. ताईंच्या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये सतरंजी मावेल एवढी पट्टी होती. दुपारी जेवणं झाली की त्या तिथं आडव्या व्हायच्या, गुडघे वाकवून. येता-जाता आत्याबाईंना ते दिसायचं. "भर दिवसाची आडवी पडलीय. आन् फू फू काय करती?" एक दिवस ताई उठल्या आणि त्यांनी दाराला आतून कडी लावली. बाहेर आत्याबाई किती तरी वेळ बोलत होत्या. मी भांडी घासत ऐकत होते आणि आतून ताईंचा श्वास सोडल्याचा आवाज येत होता. त्या दिवसापासून दुपारचं ते दार बंद व्हायला लागलं. चहा मी ठेवायचे, जुळ्यांना वर माझ्याकडे घ्यायचे. त्या घरात ताईंनी स्वतःसाठी मिळवलेली ती पहिली गोष्ट होती.

श्वासानंतर टाचा सरकवणं आलं. मोजे घालून फरशीवर एकेक पाय लांब करायचा, पोटाची पकड न सोडता. मग एक पाय उचलणं, मग कंबर उचलणं. महिने गेले. मध्ये कधी ताप, कधी पाहुणे, कधी नुसती निराशा. फट चार बोटांची तीन झाली आणि तिथंच अडकून बसली. तेव्हा ताईंनी व्यायाम सोडला होता. सबा मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं आणि बोट ठेवून दाखवलं, फट तेवढीच आहे पण आता बोट आत बुडत नाही, खालून काहीतरी ताणून धरतंय. "यही चाहिए था भाभी. चौड़ाई मत गिनो." ताई घरी येऊन पुन्हा सतरंजीवर आडव्या झाल्या.

पोट कधी उतरलं ते आम्हाला कळलंच नाही. एका संध्याकाळी ताई क्रांती चौकातून परत आल्या त्या चेहरा उजळून. म्हणाल्या, "बसमध्ये पूर्ण वेळ उभी होते. कुणी उठलं नाही." आणि दारातच त्यांनी एका जुळ्याला काखेत धरून उचललं. पोरगं मोठं झालेलं, त्याचे पाय जवळजवळ जमिनीला टेकत होते, त्याला लाज वाटत होती. त्या त्याला सोडेचनात.

यानंतरची एक दुपार मला फार जवळची आहे. आत्याबाई ताईंच्या खोलीत गेल्या आणि मलाही आत बोलावून म्हणाल्या, "दार लाव गं." मला वाटलं, आता काहीतरी भांडण. त्या पलंगावर आडव्या झाल्या, लुगड्याचा घोळ बाजूला केला आणि छताकडं बघत म्हणाल्या, "माझंबी बघ." ताईंनी हात ठेवला. त्यांची अख्खी मूठ बसेल एवढी पोकळी होती. इतकी वर्षं ती लुगड्याखाली गुंडाळून आत्याबाई सगळ्यांना सांगत फिरत होत्या, आमचं नाय सुटलं म्हणून. ताई नुसतं म्हणाल्या, "आत्याबाई, नाकानं श्वास घ्या... आता सोडा." आत्याबाईंच्या डोळ्यांतून कानाकडं पाणी ओघळत होतं आणि त्या श्वास सोडत होत्या.

ताई मग घराबाहेर पडल्या. जवळच्याच एका बालवाडीत मदतनीस म्हणून लागल्या. रडणारी पोरं कडेवर घेऊन फिरायच्या. ती वर्षं आमच्या घरातली चांगली वर्षं.

गेल्या वर्षी पोट पुन्हा यायला लागलं. ताईंनी कुणालाच सांगितलं नाही. दुपारचं दार बंद व्हायचंच, ते आता जास्त वेळ बंद राहायला लागलं, एवढंच. त्यांना वाटलं, फट उघडली. त्या आतून कडी लावून जुने व्यायाम पहिल्यापासून करत होत्या. जेवण कमी झालं, दोन घासांत पोट भरायचं. शेवटी एकदा त्यांनी मला आत घेतलं आणि गोंधळलेल्या आवाजात म्हणाल्या, "अर्चना, मी रोज बघतेय. फट उघडली नाही गं. सगळं जागच्या जागी आहे. मग पोट का येतंय?"

आम्ही सबा मॅडमकडे गेलो. त्यांनी हात ठेवला, बोटानं टकटक करून पाहिलं आणि कुशीवर वळवून पुन्हा टकटक केली. मग म्हणाल्या, "भाभी, ये मेरा वाला पेट नहीं है. व्यायाम बंद. उद्याच सोनोग्राफी करा." जिना उतरताना ताईंनी माझा दंड धरला होता. सोनोग्राफीत पोटात पाणी निघालं. अंडाशयाचा कॅन्सर होता आणि तो पसरला होता.

पुढचे महिने ऑपरेशन, केमो, पुन्हा पाणी काढणं. ज्या शरीरातून त्या कष्टानं बाहेर पडल्या होत्या, त्याच शरीरानं त्यांना परत आत ओढलं. वॉर्डातल्या खाटेला एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला सलाईनचा स्टँड. कुशीवर वळून उठायची सवय, पण वळायलाही जागा नव्हती. भेटायला येणारी माणसं दबक्या आवाजात एकच बोलायची, पोट दाबून दाबून हिनंच रोग ओढवून घेतला. आम्ही डॉक्टरांना विचारलं होतं. त्यांनी स्पष्ट सांगितलं की व्यायामाचा याच्याशी काही संबंध नाही. पण ते ऐकायला कुणी थांबत नव्हतं. ताईंनी मात्र सगळं ऐकलं होतं. एकदा हळूच म्हणाल्या, "ती वर्षं माझी होती ना गं? ती तरी खरी होती ना?" मी म्हणाले, "ताई, तुम्ही पोराला उचललेलं मी बघितलंय." त्यांनी डोळे मिटले आणि हसल्यासारखं केलं.

दहाव्याला गावाकडची माणसं जमली होती. भाऊजींच्या एका चुलतीनं पुन्हा तोच विषय काढला, व्यायामाचा. भाऊजी खाली मान घालून बसले होते. कोपऱ्यातून आत्याबाई म्हणाल्या, "गप बस. तुला काय ठावं हाय? तिनं माझंबी पोट धरून दिलंय." चुलतीला काही समजलं नाही. मला समजलं, आणि भिंतीकडं तोंड करून बसलेल्या ताईंच्या मुलीलाही; आजीचे दुपारचे व्यायाम तिनं पाहिले होते.

आता खालची-वरची सगळी माणसं माझ्या एकटीच्या हातावर जेवतात. तक्रार नाही, पण दुपार झाली की श्वास कोंडतो. परवा मी काही न ठरवता ताईंच्या खोलीत गेले, दार लावलं आणि पलंग आणि कपाटाच्या मधल्या फरशीवर आडवी झाले. व्यायाम केला नाही. नुसती पडून राहिले. फरशी गार होती. बाहेर शेजारीण आली, माझं नाव घेऊन हाका मारत. मी उठायला वळणार तेवढ्यात आत्याबाईंचा आवाज आला. दाराला पाठ लावून बसल्यासारखा, अगदी जवळून.

"हाक मारू नगंस. व्यायाम चाललाय तिचा."