पायांवरची अंघोळ

वारजेच्या त्या गल्लीत आज कॉलेजात जाणारी निम्मी पोरं लहानपणी सुशीलाबाईंच्या पायांवर न्हालेली आहेत. बाई पाटावर बसायच्या, पाय लांब पसरायच्या, त्यावर बाळ पालथं घालून तेल जिरवायच्या आणि कोमट पाणी ओतायच्या. कितीही रडकं पोर त्यांच्या हाताखाली गप्प होई. पण साठी उलटली, गुडघे दुखायला लागले आणि पाट सुटला.

तेव्हा त्यांच्या यजमानांनी, हिंमतरावांनी, एक चूक केली. ती प्रेमापोटी केलेली, म्हणून कुणाला चूक वाटलीच नाही. शाळेतल्या कारकुनीतून निवृत्त झालेल्या या भल्या माणसाला बायकोशिवाय दुसरं काम उरलं नव्हतं. "तू बस गं, मी आणतो," हा त्यांचा दिवसभराचा जप. पाणी ते आणत, भाजी ते आणत. देवघरसुद्धा त्यांनी ओट्याच्या उंचीवर चढवलं. माणसाला बसवून ठेवलं की ते बसतंच, त्यात नवल ते काय! तीन वर्षांत सुशीलाबाईंना साध्या खुर्चीतून उठायलाही हाक मारावी लागू लागली.

मग लेक पूर्णिमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची ठरली. फोनवर ती सहज म्हणाली, "आई, बाळाच्या अंघोळीला बाई लावू या. तुला कुठे त्रास?" सुशीलाबाई "बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवून पदरात तोंड लपवून रडल्या. गल्लीभरची पोरं न्हाऊ घातली आणि पोटच्या लेकीचं बाळ परक्या पायांवर? हे काही त्यांना सोसेना.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी फिजिओथेरपिस्ट नम्रताला गाठलं. तिनं गुडघे तपासले, हिंमतरावांचं सेवेचं पुराण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, गुडघ्यांपेक्षा काकूंच्या मांड्याच जास्त कमजोर झाल्यात. वापरल्याच नाहीत ना. आपण जरा कमी सेवा केलीत तर बरं."

हिंमतराव चार दिवस रुसून होते.

व्यायाम दिसायला पोरकट. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, पुन्हा बसायचं. पहिल्या दिवशी तीनदा जमलं, तेही डोळ्यांत पाणी आणून. महिन्याभरात दहादा. मग गच्चीवर चालणं, मग जिना, मग उशांच्या चळतीवर बसून उठणं. दर आठवड्याला एक उशी कमी. एकदा त्या कलंडल्या. हिंमतराव धावले, "आता पुरे!" बाई घोटभर पाणी प्यायल्या आणि पुन्हा बसल्या. हळूहळू रात्री झोप लागू लागली, भाजीला त्या स्वतः जाऊ लागल्या.

बाळ आलं. नाळ पडली आणि सुशीलाबाई न्हाणीघरात पाटावर बसल्या. पायांवरचं ते इवलंसं अंग आधी किंचाळलं, मग निवांत झालं. बाई मात्र हुंदके देत पाणी ओतत होत्या.

बाळाला टॉवेलात गुंडाळून त्या बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसल्या. "अहो, या, बसा. मांडीवर देते." हिंमतराव वाकले, भिंत धरली, एक गुडघा मोडला आणि तिथंच अडले. बायकोची उठबस करता करता आपण स्वतः जमिनीवर शेवटचे कधी बसलो, हे त्यांना आठवेना. ओशाळून म्हणाले, "असू दे. मी उभ्यानंच बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सुशीलाबाईंनी नवऱ्याचं पांघरूण ओढलं.

"उठा. बाळ रांगायला लागेल तोवर तुम्हाला खाली बसता आलं पाहिजे."