‘वाफसा कब आएगा?’ : आंजीपुढच्या टेकडीची ओली वाट

आधी माफी मागतो. आंजीच्या सफरीबद्दल पोळा झाला की लगेच लिहितो असं मी म्हटलं होतं, आणि टेकडीची वाट सुरू आहे का, सायकल घेऊन येऊ का, असं तुमच्यापैकी बरेच जण विचारत राहिले. उत्तर दिलं नाही. दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा पुसलं, कारण त्यात शिव्याच जास्त झाल्या होत्या. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, एका बोटानं टाइप करतो, त्यामुळे शिवी लिहायलासुद्धा मला वेळ लागतो. आता राग खाली बसला असेल असं वाटून लिहायला घेतलं. बसलेला नाही.

नवीन वाचकांसाठी सांगतो. मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेत राहतो. मुलगा नोकरीला बाहेर गेला, त्याची गिअरची सायकल घरी धूळ खात पडली होती, ती मी चालवायला लागलो आणि कुठे कुठे गेलो ते इथे लिहायला लागलो. आंजी मोठीच्या पुढे एक उघडी टेकडी आहे. लोक तिला बोडखी म्हणतात. तिच्यावर गुराढोरांची जुनी पायवाट आहे. चढ माझ्या छातीला झेपेल एवढाच, वळणं सुरेख, आणि वर पोचलं की दोन्ही बाजूंची शेतं पायाखाली. या वयात मला दुसरी चैन नाही.

या खेपेला झड लागली ती थांबायचं नावच घेईना. छपराच्या कडेनं पाणी गळत होतं आणि माझ्या डोक्यात एकच किडा, बोडखीच्या वाटेचं काय झालं असेल? बायको म्हणाली, "वाट काय पळून चालली? तुम्ही गोळी घ्या." ऊन दिसलं त्या दिवशी सकाळीच वच्छलाबाईचा फोन आला. टेकडीच्या पायथ्याशी तिचं भाजीचं शेत आहे आणि वाट तिच्या धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरूनच वर चढते. तिनं अडवलं नाही म्हणून आपण सगळे जातो, हे लक्षात ठेवा. फोनवर तिनं कसे आहात, काय चाललंय, काही विचारलं नाही. म्हणाली, "भाऊ, तुमच्या सायकलवाल्यायनं माह्या वांग्याची वाट लावली. येऊन पाहून घ्या." आणि ठेवून दिला.

‘तुमच्या’ हा शब्द मला दिवसभर टोचत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. सोबत प्रभाकर होता. तो आयुष्यभर एसटी चालवून रिटायर झाला, त्यामुळे सायकलवरसुद्धा वळणाआधी तोंडानं हॉर्न वाजवतो. मी हवा तपासली, जास्तीची ट्यूब घेतली, गोळ्या घेतल्या, छत्री घेतली, पुन्हा हवा तपासली.

"नामदेव, तू टेकडीवर चालला का काशीले?" प्रभाकर म्हणाला.

"पाऊस आला तर?"

"तर भिजू. साखरीचा हायेस का तू?"

ज्यांना यायचं आहे त्यांनी रस्ता समजून घ्या. वर्ध्यातून आर्वी नाक्यावरून आंजीचा रस्ता धरायचा. रस्ता एकंदरीत बरा आहे, पण झडीनंतर खड्डे पाण्यानं भरलेले असतात आणि खोली कळत नाही, म्हणून ट्रकच्या मागे चिकटून जाऊ नका. सायकल नसेल तर एसटी आहे, ऑटोही मिळतात. दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि कपाशी. सोयाबीन या वर्षी पिवळं पडलंय, कितीतरी तुकड्यांत पाणी साचलेलं दिसलं. आंजीत चहा आणि तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे काही मिळत नाही. पोह्यावरची तर्री कमी घाला म्हणून सांगितलं तरी तो माणूस ओततोच, तेव्हा पित्ताचा त्रास असलेल्यांनी जपावं. मला दुपारपर्यंत जळजळत होतं. सगळं तर्रीमुळे होतं असं नाही.

टपरीवर शेजारी बसलेला एक जण आमच्या हेल्मेटकडे पाहून दुसऱ्याला म्हणाला, "हे पाय, अजून दोन आले. बोडखीवर जत्रा भरून राह्यली."

"बुढे हायेत बे हे."

"बुढ्यायलेच जास्त खाज रायते."

प्रभाकर हसला. मला हसू आलं नाही. चहा अर्धा टाकून उठलो.

आता वाटेचं सांगतो. पायथ्याचा भाग काळ्या मातीचा आहे, मधला मुरमाचा आणि वरचा दगडाचा. मुरूम पाणी लवकर सोडतो. काळी माती सोडत नाही, धरून बसते. आम्ही पोचलो आणि मी सायकल धुऱ्याला टेकवून नुसता उभा राहिलो. काळ्या मातीत जाड टायरांनी चाकोऱ्या पाडल्या होत्या. पहिली चाकोरी खोल झाली म्हणून पुढच्यानं तिच्या बाजूनं सायकल घातली, ती चिघळली म्हणून त्याच्या मागच्यानं आणखी बाजूनं. माणूसभर रुंदीची वाट बैलगाडी जाईल एवढी झालेली, आणि धुऱ्यावरचं गवत, ज्यानं माती धरून ठेवली होती, ते चिखलात तुडवलेलं. वळणावर करकचून ब्रेक मारल्याचे लांबलचक ओरखडे. मुरमाच्या भागात पावसाचं पाणी बाजूला काढायला लोकांनी जुन्या काळी आडवे चर खणले आहेत. सायकलला हिसका बसतो म्हणून कुणीतरी त्यातले दोन दगडमाती घालून बुजवून टाकले होते! मग पाण्यानं काय करायचं? ते चाकोरीत शिरलं, चाकोरीची घळ पडली, घळीचा ओहोळ झाला, आणि ओहोळ सरळ वच्छलाबाईच्या शेतात. सांबाराचे वाफे, म्हणजे कोथिंबिरीचे, दिसतच नव्हते, नुसता गाळ. वांग्याच्या दोन ओळींची मुळं उघडी पडली होती. राहिलेल्या ओळी उतारावर खालच्या बाजूला तशाच उभ्या होत्या, पुढच्या पावसाची वाट पाहत.

वच्छलाबाई खुरपं घेऊन गाळात बसली होती. आम्हाला पाहून उठली नाही.

"आले का? पाहा. पोट भरून पाहा."

मी म्हटलं, "बाई, हे आमचं काम नाही."

"तुमचं नाई, मंग कोनाचं? आम्ही का सायकल घेऊन टेकडीवर उड्या मारतो?"

पावसाळ्याआधी मीच तिच्या परवानगीनं तिथल्या कडुलिंबाला एक पाटी टांगली होती. लाल रंगानं स्वतःच्या हातानं लिहिली होती, ‘वाफसा आल्याशिवाय वर जाऊ नये.’ पाटी जागेवरच होती. अक्षर चांगलं मोठं होतं. एवढं लिहूनही लोक गेले म्हणजे जाणूनबुजून गेले.

एवढ्यात रस्त्यावर एक गाडी थांबली, पाठीमागे तीन सायकली बांधलेल्या. दोन मुलं आणि एक मुलगी उतरली. नागपूरची, पंचविशीच्या आसपासची, कपडे चकचकीत. तिघं पाटीपाशी गेली, पाटी वाचली आणि कडुलिंबाखाली शांतपणे बसून राहिली. मला कळेना, ही वाट कुणाची पाहताहेत. थोड्या वेळानं मुलगी धुऱ्यापाशी आली.

"काकू, वाफसा कब आएगा?"

वच्छलाबाई मान वर न करता म्हणाली, "आज नाई येत बाप्पा. ऊन पडलं तर परवा-तेरवा येईन."

"अरे! छुट्टी पर है क्या?"

"कोन?"

"वाफसा."

वच्छलाबाईचं खुरपं थांबलं. मी प्रभाकरकडे पाहिलं. मुलगी बिचारी पाटीकडे बोट करून सांगायला लागली, "वो बोर्ड पे लिखा है ना, वाफसा आल्याशिवाय वर जाऊ नये. उनका नंबर हो तो हम पूछ लेते."

प्रभाकर म्हणाला, "पोरी, वाफसा फोन नाई उचलत," आणि धुऱ्यावर बसून पोट धरून हसला.

मग त्या दोन मुलांतल्या उंच मुलानं जे सांगितलं ते ऐका. आडनाव सांगितलं, मराठीच होता. म्हणाला, "अंकल, मागच्या रविवारी आम्ही सगळा ग्रुप आलो होतो. पाटी वाचली. तेवढ्यात वरून एक काकाजी बकऱ्या घेऊन खाली आले. आम्हाला वाटलं, हेच वाफसा, वॉचमन असतील. नमस्कार केला, विचारलं वर जाऊ का. ते म्हणाले, जा ना बाप्पा, मले काय विचारता. मग आम्ही गेलो."

म्हणजे ज्या पाटीनं वाट वाचवायची, तिच्याच आधारानं ही पलटण वर गेली होती. जमिनीतलं पाणी मुरून माती औताला तयार होते, पायाला चिकटत नाही पण ओल असते, त्याला वाफसा म्हणतात, हे आमच्याकडे शेताचं तोंड पाहिलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. मला वाटलं, सगळ्यांनाच माहीत असेल.

पण माझा राग यानं कमी झाला असं समजू नका. मी त्याला म्हटलं, "शब्द नाही कळला, ठीक. चिखल तर कळला ना? चाक रुतत होतं, ते डोळ्याला दिसत होतं ना?"

"अंकल, चिखलातच तर मजा येते. व्हिडिओत सगळे तसंच करतात."

उत्तर वच्छलाबाईनं दिलं. "त्या व्हिडिओत खाली कोनाचे वांगे रायते का?"

ती उठली, खुरप्याचा गाळ झटकला आणि माझ्याकडे पाहून बोलली, त्याच्याकडे नाही. "भाऊ, मी भांडत नाई. पन परतीचा पाऊस बाकी हाये. तो यायच्या आंदी हे घळ बुजवा, वरचे चर मोकळे करा. नाई केलं, तं मी बोरीच्या काट्या टाकून वाट बंद करतो. गुरं धुऱ्याच्या तिकडून जातीन. तुमची सायकल मातर कायमची बंद. मंग मले फोन नका करजा."

कायमची. पण तिचं काही चुकीचं होतं का?

घळ त्या दिवशी बुजवता आली नाही. ओल्या काळ्या मातीला फावडं लावलं की माती फावड्यालाच चिकटून येते, आणि भरलेली जागा पहिल्या सरीत वाहून जाते. दुरुस्तीलासुद्धा वाफसाच लागतो. मुरमाच्या भागातले बुजवलेले दोन चर तेवढे मोकळे करता आले. कडेच्या गवतावरून चालत तिथवर गेलो, हातानं दगड काढले, ते उताराला तिरपे लावले, म्हणजे निदान वरचं पाणी नाल्याकडे वळेल. तिन्ही पोरांना कामाला लावलं. मुलगी मुकाट्यानं दगड उचलत होती. उंच पोरानं मध्येच हातात दगड घेऊन फोटो काढला. मी त्याला जे म्हटलं ते इथे लिहीत नाही.

टेकडीवर कुठेही जाणार असाल तर एवढं करा. पायथ्याची मूठभर माती घ्या, लाडू वळा आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाका. फुटला तर जा. चपटा होऊन चिकटून बसला तर चहा प्या आणि घरी या. मुरमाचा भाग सुकला म्हणून फसू नका, कारण तिथवर पोचायला काळ्या मातीतूनच जावं लागतं. वाटेत डबकं लागलं तर मधून जा, बाजूनं नवी वाट पाडू नका. वळणाच्या आधी वेग कमी करा, वळणात चाक घासत नेऊ नका. चर दिसला तर उतरून सायकल उचलून न्या. मी म्हातारा उतरतो, तुमचे गुडघे तर चांगले आहेत. आणि आता नवीन पाटी लावली आहे, ‘माती ओली असेल तर परत जा.’ यात माणसाचं नाव वाटेल असं काही नाही.

परतताना प्रभाकर आंजीपर्यंत हसत होता. घरी आल्यावर बायकोनं चिखल पाहून सायकलसकट मला अंगणातच थांबवलं आणि विचारलं, "पाहिली का वाट?" पाहिली म्हटलं. त्या सफरीचं माझ्याजवळ काय उरलं म्हणाल तर वरून दिसणारी शेतं नाहीत, वर आम्ही गेलोच नाही. उघड्या पडलेल्या वांग्याच्या मुळ्या उरल्या आहेत. जेवताना दिसतात, पडल्यावर दिसतात. आणि त्यांच्याखाली अजून उभ्या असलेल्या ओळी.

आज सकाळी वच्छलाबाईचा पुन्हा फोन आला. पायथ्याला वाफसा आला आहे, ती म्हणते दोन दिवस टिकेल, पश्चिमेकडून ढग दिसताहेत. मी आणि प्रभाकर उद्या पहाटे निघतोय. दोन म्हाताऱ्यांनी ती घळ भरून होणार नाही, मला माहीत आहे. नागपूरच्या त्या मुलीनं येते म्हणून कळवलं आहे, बाकी दोघांचा पत्ता नाही. आणखी चार-पाच माणसं लागतील. फावडं, घमेलं असेल तर आणा, नसेल तर नुसते हात आणा, डबा आमच्याकडे आहे. खाली अंगठा दाखवून, छान लिहिलंय म्हणून जाऊ नका. येतो किंवा येत नाही, एवढे दोन शब्द लिहा. येत नसाल तरी लिहा, म्हणजे मी तुमच्या नावानं धुऱ्यावर वाट पाहत उभा राहणार नाही. पण कळवा, आणि रात्रीच्या आत कळवा.